लॅपटॉपमधले बंद फर्मवेअर कसे ओळखावे आणि त्याच्याविना कुठवर चालवावे

गणपतीला गावी येणारे चाकरमानी अलीकडे आमच्या वाडीतल्या वाचनालयाला पुस्तकांबरोबर जुने लॅपटॉपही देऊन जातात. मुंबईच्या कचेऱ्यांतून बाद झालेल्या या यंत्रांवर डेबियनसारखी ग्नू-लिनक्स प्रणाली बसवली की मुलांच्या अभ्यासाला, सातबारा पाहायला आणि अर्ज भरायला ती पुन्हा उपयोगी पडतात. देवगड तालुक्यातल्या दोन-तीन गावांत हे काम मी हौसेने करत आलो आहे, आणि त्यात वारंवार अडवणारी गोष्ट एकच आहे. प्रणाली बसते, पडदा उजळतो, मराठी कळफलक चालू होतो, पण वाय-फायचे चिन्हच उमटत नाही. शोध घेतल्यावर कळते की कार्ड शाबूत आहे, ड्रायव्हरही हजर आहे, फक्त कार्डाला लागणारी एक बंद फाईल डिस्कवर नाही. ती फाईल म्हणजे फर्मवेअर.

ती मुकाट्याने बसवून मोकळे होणे सोपे आहे. माझे म्हणणे असे की बसवायचीच असली तरी ती कोणत्या चिपसाठी आणि कोणत्या परवान्याखाली बसवत आहोत हे पाहून, वहीत नोंदवून मगच बसवावी. आणि जिथे तिच्याविना भागते तिथे ती अजिबात बसवू नये. पुढे दिलेल्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. त्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, टंकताना लहान इंग्रजी अक्षरे वापरावीत.

ड्रायव्हर वेगळा, फर्मवेअर वेगळे

ड्रायव्हर हा प्रोग्राम लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरवर, कर्नेलचा म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा भाग म्हणून चालतो. फर्मवेअर हा दुसरा प्रोग्राम. तो वाय-फाय कार्डावर, ग्राफिक्स चिपवर किंवा प्रिंटरमध्ये असलेल्या स्वतंत्र, लहानशा प्रोसेसरवर चालतो. काही उपकरणांत तो कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला असतो, काहींत तो फ्लॅश स्मृतीत असतो आणि निर्माता तो पुढे बदलू शकतो, तर काही उपकरणे वीज मिळाल्यावर कोरीच जागी होतात आणि दर वेळी डिस्कवरून फर्मवेअर मागून घेतात. लिनक्समध्ये या तिसऱ्या प्रकाराच्या फाईली 'लिब' या फोल्डरातल्या 'फर्मवेअर' नावाच्या फोल्डरात ठेवलेल्या असतात, आणि ड्रायव्हर नाव घेऊन ती फाईल कर्नेलकडे मागतो.

मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन निराळे शब्द असल्यामुळे इथला मुद्दा आपल्याला चटकन कळतो. बंद फर्मवेअर जवळजवळ नेहमी फुकटच मिळते, पण ते मुक्त नसते. इंटेलच्या वाय-फाय फर्मवेअरचा परवाना पाहावा: फाईल आहे तशी इतरांना वाटायला तो परवानगी देतो, मात्र ती उलगडून आत काय चालले आहे हे शोधायला स्पष्ट मनाई करतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या चार स्वातंत्र्यांपैकी, म्हणजे हव्या त्या कामासाठी चालवणे, अभ्यासून बदलणे, प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रती वाटणे यांपैकी, इथे पहिले आणि तिसरे कसेबसे हाती येते, आणि दुसरे-चौथे पूर्णपणे नाकारले जाते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची सुरुवातच एका उपकरणापाशी झाली हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की वापरणाऱ्यांना तसे कळवण्याची सोय तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात करायची होती, आणि जुन्या प्रिंटरसाठी त्यांनी ती केलीही होती. पण नव्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येणारे मूळ लेखन, द्यायला नकार मिळाला. पुढे २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्पाची, म्हणजे पूर्णपणे मुक्त प्रणाली घडवण्याच्या कामाची, घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले.

लिनक्स कर्नेल १९९२ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला, पण कालांतराने त्याच्याच सोर्समध्ये निर्मात्यांचे बंद फर्मवेअर आकड्यांच्या लांबलचक रांगांच्या रूपात शिरले. त्याविरुद्ध दोन दिशांनी काम झाले. लॅटिन अमेरिकेतल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने असे सगळे तुकडे काढून टाकलेला 'लिनक्स-लिब्रे' हा कर्नेल चालवला. मूळ कर्नेलनेही या फाईली हळूहळू वेगळ्या संग्रहात हलवल्या आणि २०१७ मधल्या ४.१४ आवृत्तीत उरलेसुरले फोल्डरही काढून टाकले. डेबियनने फेब्रुवारी २०११ मधल्या सहाव्या आवृत्तीत बंद फर्मवेअर मुख्य भांडारातून बाहेर काढले, आणि तेव्हापासून वाय-फायसाठी वेगळा पेनड्राइव्ह घेऊन बसण्याची पाळी आली. २०२२ मध्ये डेबियनच्या विकासकांनी मतदान करून हे धोरण बदलले, आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा स्वतंत्र विभाग आला. ज्या गावात नेट नाही तिथे लॅपटॉप चालू करणाऱ्या माणसाला हा निर्णय मोठी सोय देतो हे मी नाकारत नाही. पण त्यामुळे आपल्या यंत्रात काय बंद आहे हे कळण्याची जी सक्तीची वेळ पूर्वी यायची ती आता येत नाही, म्हणून ते आपण होऊन पाहावे लागते.

प्रणाली बसवण्याआधीची परीक्षा

सर्वात आधी ट्रिस्क्वेल ही प्रणाली आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहून घ्यावी. ती लिनक्स-लिब्रे कर्नेल वापरते, त्यामुळे डिस्कवरून बंद फर्मवेअर चढवणे तिला शक्यच नसते. लॅपटॉप या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होताच सर्वात आधी धावणाऱ्या प्रोग्राममध्ये, जाऊन सिक्युअर बूट ही मान्य सही नसलेली प्रणाली अडवणारी सोय बंद करावी लागू शकते. डिस्कवर काहीही न बसवता नुसते चालवून पाहण्याचा पर्याय निवडावा, आणि मग शांतपणे एकेक गोष्ट तपासावी: पडदा पूर्ण आकारात दिसतो का, आवाज येतो का, केबलचे नेट चालते का, वाय-फायची नावे दिसतात का, ब्लूटूथ दिसते का, कॅमेरा चालतो का. इथे जे चालले त्याला डिस्कवरच्या बंद फाईलची गरज नाही, आणि जे अडले त्याचीच यादी पुढच्या तपासाचा विषय. आमच्याकडच्या जुन्या लॅपटॉपांवर बहुधा वाय-फाय आणि ब्लूटूथ एवढेच अडते; पडदा, आवाज, कळफलक, केबल सगळे ठीक असते. अर्धा तास जातो, पण ही परीक्षा कधीही चुकवू नये.

आता टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' ही आज्ञा द्यावी आणि तिच्यापुढे मोकळी जागा सोडून उणे चिन्ह व एन-एन-के ही अक्षरे लिहावीत. मदरबोर्डावरच्या सगळ्या उपकरणांची यादी येते, प्रत्येकापुढे चौकटी कंसात निर्माता आणि मॉडेल यांचे क्रमांक येतात, आणि खाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव येते. निर्मात्याचे चार क्रमांक पाठ असलेले बरे: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक आणि १६८सी म्हणजे अथेरॉस. यूएसबी उपकरणांसाठी 'एलएसयूएसबी' ही आज्ञा आहे.

कोकणात या टप्प्यावर एक खबरदारी घ्यावीच लागते. खाडीकाठच्या घरात दोन पावसाळे काढलेल्या लॅपटॉपमध्ये खाऱ्या हवेने कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. कार्डाचे नाव यादीत मुळीच नसेल तर तो फर्मवेअरचा प्रश्न नव्हे. बॅटरी काढून, कार्ड बाहेर घेऊन, साध्या खोडरबराने पट्ट्या पुसून ते पुन्हा घट्ट बसवावे आणि मगच पुढे जावे. कार्ड यादीत आहे पण ड्रायव्हरची ओळ नाही, तर ड्रायव्हर बसलेला नाही. कार्डही आहे, ड्रायव्हरही आहे, आणि तरी नेट नाही, तर आधी बाजूचे वाय-फाय बंद करणारे बटण पाहावे आणि नंतर फर्मवेअरकडे वळावे.

कर्नेलची नोंद वाचणे

कोणती फाईल मागितली गेली हे कर्नेल स्वतःच लिहून ठेवतो. साध्या डेबियनवर 'सुडो' आणि पुढे 'डीमेसेज', म्हणजे डी-एम-ई-एस-जी, ही आज्ञा द्यावी आणि आलेल्या नोंदीत 'फर्मवेअर' हा शब्द शोधावा. एका संध्याकाळी वाचनालयाच्या पडवीत बसून मी काढलेली अशी ओळ आजही माझ्या वहीत आहे: 'फर्मवेअर: फेल्ड टू लोड आयडब्ल्यूएल-वायफाय-६०००जी२ए-६ डॉट यूकोड', आणि शेवटी कंसात उणे २. या एका ओळीत सगळे आहे. फाईलच्या नावाची सुरुवात ड्रायव्हरच्या, म्हणजे इंटेलच्या वाय-फायच्या, नावाने. ६०००जी२ए ही चिपची पिढी. त्यापुढचा ६ हा ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांच्यातल्या बोलीचा क्रमांक. आणि उणे २ म्हणजे 'अशी फाईल नाही'. ट्रिस्क्वेलवर मात्र या नावाच्या जागी 'डीब्लॉब्ड' असा शब्द दिसतो, कारण लिनक्स-लिब्रे फाईलचे नावसुद्धा पुसून टाकतो. म्हणून नेमके नाव हवे असेल तर ही नोंद डेबियनवरच पाहावी.

प्रत्येक अपयशी ओळ म्हणजे बिघाड असे समजू नये. रिअलटेकच्या केबल-नेटच्या चिपसाठी अशीच ओळ येते, पण फाईल न मिळताही केबल बहुतेक वेळा व्यवस्थित चालते. जे चालते आहे त्यासाठी बंद फाईल बसवू नये. एखादा ड्रायव्हर कोणकोणत्या फाईली मागू शकतो हे आधीच पाहायचे असेल तर 'मॉडइन्फो' ही आज्ञा देऊन पुढे उणे मोठा एफ, मग 'फर्मवेअर' हा शब्द आणि शेवटी ड्रायव्हरचे नाव लिहावे.

नेट नसताना प्रणाली बसवणे

डेबियनचा इन्स्टॉलर सुरू होताना त्याला 'फर्मवेअर बरोबर नेव्हर' असा पर्याय देता येतो. सुरुवातीच्या यादीत टॅब कळ दाबली, किंवा नव्या लॅपटॉपवर ई कळ दाबली, की आज्ञेची ओळ उघडते. तिच्या शेवटी 'फर्मवेअर', बरोबरीचे चिन्ह आणि 'नेव्हर' हे मध्ये जागा न सोडता लिहावे. मग इन्स्टॉलर स्वतःहून एकही बंद फाईल बसवत नाही.

मग नेट कुठून आणायचे? अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्यातले यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे नेट केबलने देण्याची सोय, चालू करावे. लॅपटॉपला तो फोन केबलच्या नेटकार्डासारखा दिसतो, त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे आणि लॅपटॉपच्या बाजूला त्याला कोणतेही फर्मवेअर लागत नाही. फोनच्या मॉडेममध्ये बंद फर्मवेअर असतेच, पण निदान लॅपटॉप स्वच्छ राहतो. जिथे फोनला रेंज मिळायला सड्यावर चढावे लागते तिथे हव्या त्या पॅकेजची फाईल दुसरीकडून पेनड्राइव्हवर आणावी आणि 'सुडो एपीटी इन्स्टॉल' यापुढे बिंदू, तिरकी रेघ आणि फाईलचे नाव लिहून ती बसवावी.

मुक्त फर्मवेअरचा डोंगल

सगळ्यांत जास्त लक्ष मी या पायरीवर देतो, कारण इथे प्रश्न खरोखर सुटतो. डोंगल म्हणजे यूएसबीत खोचायचे छोटे वाय-फाय उपकरण. त्यातल्या अथेरॉसच्या एआर९२७१ या चिपला डिस्कवरून फर्मवेअर लागते, पण त्या फर्मवेअरचा सोर्स कोड २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झाला. डेबियनमध्ये त्याचे 'फर्मवेअर-एटीएच९के-एचटीसी' हे पॅकेज बंद विभागात नाही, मुख्य विभागात आहे. ते कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि स्वतः बांधून चढवू शकतो. डिस्कवरून चढणारे फर्मवेअर मुळातच वाईट असते हा समज या एका उदाहरणाने खोटा ठरतो. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या 'रिस्पेक्ट्स युअर फ्रीडम' या उपकरणांना मिळणाऱ्या प्रमाणपत्राच्या नियमांत चिपमध्ये कायमचे कोरलेले, कधीही न बदलणारे फर्मवेअर जवळजवळ विद्युतमंडलासारखे मानले जाते. त्यामागचा विचार मला कळतो, पण कोरलेला प्रोग्राम माझ्या डोळ्यांआड गेला म्हणून मी अधिक मुक्त झालो असे मला वाटत नाही. डिस्कवरच्या फाईलला निदान नाव आहे, आणि जिला नाव आहे तिच्या जागी दुसरी आणता येते.

खरेदी करताना खोक्यावरच्या मॉडेलवर विसंबू नये. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ होती; दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रिअलटेकची चिप येऊ लागली. म्हणून दुकानातच लॅपटॉपला डोंगल लावून 'एलएसयूएसबी' द्यावे आणि ०सीएफ३:९२७१ हा क्रमांक दिसला तरच पैसे द्यावेत. हा डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि कागदोपत्री त्याचा कमाल वेग १५० मेगाबिट आहे. आपल्या जांभ्याच्या जाड भिंतींतून २.४ चाच संदेश बरा पोहोचतो, त्यामुळे इथे हे उणे फारसे जाणवत नाही. आम्ही दोन मीटरच्या यूएसबी केबलला डोंगल लावून तो खिडकीच्या गजाला बांधतो, आणि शेजारच्या घरातले राउटर नीट मिळते. आणखी एक फायदा सुरक्षिततेचा आहे: लॅपटॉपच्या आतले पीसीआय कार्ड मुख्य स्मृतीत थेट वाचू-लिहू शकते, यूएसबी डोंगलला तसे स्वतःहून करता येत नाही.

आतलेच कार्ड बदलायचे असेल तर 'एटीएच९के' ड्रायव्हरने चालणारी एआर९२८५ किंवा एआर९४८५ यांसारखी जुनी कार्डे शोधावीत. त्यांना डिस्कवरून काहीच चढवावे लागत नाही. त्यांच्यानंतरच्या, 'एटीएच१०के' ड्रायव्हर लागणाऱ्या कार्डांना बंद फर्मवेअर लागते, तेव्हा नावांतल्या साम्याने फसू नये. आधी लॅपटॉपचा बायोस दुसरे कार्ड स्वीकारतो का हेही विचारून घ्यावे. एका दान आलेल्या लॅपटॉपमध्ये मी असे कार्ड बसवले, आणि चालू करताच काळ्या पडद्यावर 'अनधिकृत नेटवर्क कार्ड' असा संदेश देऊन तो तिथेच थांबला. कार्ड निर्दोष होते, दुसऱ्या लॅपटॉपमध्ये ते आजही चालते. बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी होती आणि हे त्या यादीत नव्हते, एवढेच. आपल्या मालकीच्या यंत्रात आपण कोणता सुटा भाग बसवावा हे एक बंद प्रोग्राम ठरवतो, याचा मला त्या दिवशी फार राग आला. निर्मात्याला लिहिलेल्या पत्राला उत्तर आले नाही.

असा बायोस बदलून कोअरबूट किंवा लिबरबूट हे त्याचे मुक्त पर्याय बसवण्याचा मार्ग काही निवडक जुन्या मॉडेलांवर उपलब्ध आहे, पण त्यासाठी बहुतेकदा चिपला चिमटा लावून बाहेरून लिहावे लागते. लिहिताना वीज गेली तर लॅपटॉप सुरूच होत नाही. मृग लागल्यापासून नवरात्रापर्यंत हे काम मी हातात घेत नाही.

जिथे बंद फाईल घ्यावीच लागते

ग्राफिक्सच्या बाबतीत जुन्या इंटेल चिपांना फर्मवेअर लागत नाही, आणि वाचनालयासाठी मी तेच लॅपटॉप मागून घेतो. एएमडीच्या रेडिऑन चिपांना वेगवान चित्रणासाठी ते लागते. एनव्हिडियाच्या ९०० मालिकेपासून चिप फक्त निर्मात्याची सही असलेलेच फर्मवेअर स्वीकारते, त्यामुळे 'नूव्हो' या मुक्त ड्रायव्हरच्या विकासकांना स्वतःचे लिहून चालवता येत नाही. कंपनीने मे २०२२ मध्ये कर्नेलचा ड्रायव्हर खुला केला, पण पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेले बरेचसे काम तोवर चिपवरच्या बंद फर्मवेअरमध्ये गेले होते. ड्रायव्हर खुला आहे असे कोणी सांगितले की फर्मवेअर कुठे आहे हे म्हणूनच विचारावे.

प्रिंटर घेताना हीच चौकशी करावी. झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा एचपी लेझरजेट १०२० हा चालू केल्यावर दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर घेतो. 'फू२झेडजेएस' हा त्याचा ड्रायव्हर मुक्त आहे, पण फर्मवेअरची फाईल बंदच आहे.

प्रोसेसरच्या मायक्रोकोडबद्दल, म्हणजे त्याचे स्वतःचे काम चालवणाऱ्या आतल्या सूचनांबद्दल, माझा निर्णय वेगळा आहे. तो प्रोसेसरच्या आत आधीच असतो आणि बंदच असतो. अद्ययावत फाईल नाकारली तर जुना बंद मायक्रोकोड तसाच राहतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरांतल्या सुरक्षिततेच्या त्रुटी जाहीर झाल्यानंतर स्पेक्टरच्या काही प्रकारांवरचे उपाय मायक्रोकोडमधूनच आले. वाचनालयाच्या लॅपटॉपवर लोक बँकेचे काम करतात, म्हणून 'इंटेल-मायक्रोकोड' हे पॅकेज मी बसवतो आणि बसवल्याचे सांगतो.

बंद पॅकेज घ्यायचे ठरले तर सॉफ्टवेअर स्रोतांच्या यादीत 'मेन' या शब्दापुढे फक्त 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोडावे. नुसता 'नॉन-फ्री' हा विभाग निराळा आहे, तो जोडू नये. मग नेमके एकच पॅकेज बसवावे, इंटेल वाय-फायसाठी 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. बसवल्यावर 'यूएसआर', 'शेअर', 'डॉक' या फोल्डरांत त्या पॅकेजच्या नावाखाली असलेली 'कॉपीराइट' ही फाईल एकदा तरी पूर्ण वाचावी.

शेवटचे काम वहीचे. आमच्या वाचनालयात प्रत्येक लॅपटॉपला वहीचे एक पान आहे. त्यावर चिपचा क्रमांक, मागितलेल्या फाईलचे नाव, ती बसवली की नाही, बसवली असल्यास कोणाच्या सांगण्यावरून आणि तिच्याऐवजी काय घेता येईल, हे लिहिलेले असते. कर्नेलची नवी आवृत्ती आली की 'डीमेसेज' पुन्हा पाहून पानावर तारीख घालतो, कारण नवा ड्रायव्हर कधी कधी नव्या क्रमांकाची फाईल मागतो. या वर्षी त्यातल्या दोन पानांवरची इंटेलची ओळ खोडून तिथे एआर९२७१ लिहिता आले. तिसऱ्या डोंगलचे पैसे एका चाकरमान्याने चतुर्थीला देऊ केले आहेत.